संकासुराचा जबडा अडतो तेव्हा

एक साधा प्रश्न. छोटी डीसी मोटार सर्वांत जास्त वीज केव्हा खाते? भरधाव फिरताना? की ओझं ओढत कशीबशी फिरताना? दोन्ही उत्तरं चुकीची. ती सर्वांत जास्त वीज खाते ती अजिबात फिरत नसताना, म्हणजे कुठेतरी अडकून जागच्या जागी गुरगुरत असताना. बघणारा म्हणतो, ‘बंद पडली.’ आत मात्र ती तिच्या ताकदीची परिसीमा गाठत असते!

या चमत्काराचा पुरावा बघायचा तर चतुर्थीच्या दिवसांत कुडाळला यावं. घरोघरी गणपती, वर रानफळा-फुलांनी सजलेली माटवी आणि हौशी घरांत शेजारी हलता देखावा. प्लायवूड, थर्माकोल, जुन्या गाडीची वायपर मोटार, सायकलची चेन यांच्यातून डोलणारे हत्ती आणि फिरणारी चक्रं इथे वर्षानुवर्षं बनत आली आहेत. आता त्या सामानात अर्डुइनो या चिमुकल्या संगणकाचं हिरवं-निळं बोर्ड आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणा चाकरमान्याने आणलेल्या सर्वो मोटारीही आल्या आहेत. समजा, यंदा एका वाडीतल्या पोरांनी दशावतारी नाटकांतल्या संकासुर राक्षसाचं बोलणारं डोकं केलं. कागदाच्या लगद्याचा चेहरा, काळा बुरखा, लाल जीभ, आत स्पीकर. माणूस समोर आला की तो विचारणार, ‘चाकरमान्यांनू, कधी इलास?’

आणि ऐन आदल्या रात्री त्याचा जबडा अर्धवट उघडून अडतो. आवाज चालू, तोंड गप्प. पोरं म्हणतात, मोटार जळली. वाडीतला जुना वायरमन म्हणतो, ‘गप रवा. आदी आयका.’

काय ऐकायचं? ते कळायला आधी त्या जबड्यामागच्या डबीत डोकावू.

काड्यापेटीपेक्षा जेमतेम मोठी ही डबी म्हणजे सर्वो मोटार. बाजारात सहज मिळणारी एमजी९९६आर घ्या. वजन ५५ ग्रॅम. तिची धाकटी बहीण एसजी९० तर फक्त ९ ग्रॅमची, आणि तिचा जोर सांगतात १.८ किलो-सेंटिमीटर. म्हणजे आसापासून एक सेंटिमीटर अंतरावर ती पावणेदोन किलोहून जास्त वजन तोलू शकते. स्वतःच्या वजनाच्या दोनशेपट! एवढं बळ ९ ग्रॅमच्या चिमुकलीत येतं कुठून?

दातेरी चाकांतून. आतली मोटार प्रचंड वेगाने फिरते, पण तिच्या आसात जोर फारसा नसतो. एका लहान चाकाने मोठं चाक फिरवायचं, त्याच्या आसावरच्या लहान चाकाने पुढचं मोठं, अशी तीन-चार जोड्यांची साखळी लावली की वेग शेकडो पटींनी उतरतो आणि जवळजवळ त्याच पटीत जोर चढतो. निसर्ग इथे फुकट काही देत नाही. वेग द्या, जोर घ्या, असा रोखठोक सौदा असतो.

पण नुसता जोर असून जबडा बोलत नाही. त्याला नेमकं कुठे थांबायचं ते कळावं लागतं. मोटारीला आंधळेपणाने फिरण्यापलीकडे काही येत नाही. मग ती वीस अंशांवर बरोबर थांबते कशी?

कुडाळच्या स्थानकात एसटी मागे घेताना बघा. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. मागे कंडक्टर उभा असतो. ‘येऊ द्या, येऊ द्या…’ आणि मग पत्र्यावर थाप मारून ‘बस्स!’ सर्वोच्या डबीत हीच जोडी नांदते. मोटार म्हणजे ड्रायव्हर. कंडक्टर म्हणजे शेवटच्या आसाला जोडलेला पोटेन्शिओमीटर, तोच भाग, जो जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीमागे असायचा. आस जसा वळेल तसा त्याच्यावरचा विजेचा दाब बदलतो आणि त्यावरून कळतं, जबडा आत्ता कुठे आहे. डबीतलं एक इवलंसं सर्किट अखंड दोन गोष्टींची तुलना करतं: कुठे जायचं आहे आणि कुठे आहोत. फरक आहे? फिरव. फरक संपला? थांब. पुढे गेला? मागे घे. हे सगळं सेकंदात अनेकदा. तुम्हाला तो संकासूर ऐटीत बोलताना दिसतो, आणि आत सतत चालू असते ती ‘येऊ द्या, बस्स’ची घाई.

आता कुठे जायचं, हा हुकूम कसा येतो ते तर आणखी अचाट आहे. सर्वोला तीन तारा. तपकिरी किंवा काळी ऋण, लाल धन, आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी हुकमाची. हुकमाच्या तारेतून सेकंदाला ५० वेळा विजेचा एक छोटा ठोका येतो. ठोका किती उंच, याला अर्थ नाही. अर्थ आहे तो किती वेळ टिकला याला. एक मिलिसेकंद टिकला तर या टोकाला जा, दोन मिलिसेकंद टिकला तर त्या टोकाला, दीड टिकला तर मधोमध. ही दोन टोकं ९० अंशांवर धरली, तर एका अंशाच्या वाट्याला किती वेळ आला? सुमारे ११ मायक्रोसेकंद. सेकंदाचे दहा लाख तुकडे करायचे आणि त्यांतले अकरा उचलायचे! एवढ्या वेळात आवाज चार मिलिमीटरही जात नाही. जगात सर्वांत वेगवान असलेला प्रकाशसुद्धा कुडाळ सोडून जेमतेम शेजारच्या पिंगुळीपर्यंत पोचतो. आणि काही शे रुपयांची ही डबी तेवढ्या वेळातला फरक ओळखून जबडा एक अंश हलवते.

बरं, बोलायला इतकं बारीक नियंत्रण कशाला हवं? माणूस साधारण सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे जबड्याने सेकंदाला आठ-दहा वेळा दिशा बदलायची. एक हालचाल सेकंदाच्या दहाव्या भागात. त्यातून गंमत अशी की बहुतेक हौशी बोलक्या डोक्यांतल्या प्रोग्रामला शब्द कळतच नाहीत. तो फक्त आवाजाचा चढ-उतार बघतो. आवाज मोठा, तोंड उघड. आवाज लहान, तोंड मिट. मग ‘बाबा’ म्हणताना ओठ बरोबर ‘ब’ला कसे मिटतात? कारण ‘ब’ किंवा ‘प’ म्हणताना माणसाचं तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं आणि त्या क्षणी आवाजच खाली पडतो! जबडा आवाजामागे धावला की आपोआप योग्य जागी मिटतो. ‘क’ आणि ‘त’लाही तो थोडा मिटतो, जिथे माणसाचे ओठ मिटत नाहीत. पण आपला डोळा तेवढी सवलत देतो.

खरं म्हणजे डोळा त्याहून पुष्कळ मोठी सवलत देतो. तोंड एकीकडे हललं आणि आवाज जरा बाजूने आला, तर मेंदू आवाजाची जागाच बदलतो आणि तो त्या तोंडातून आला असं आपल्याला ऐकवतो. १९७६ साली हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅक्डोनाल्ड यांनी आणखी थक्क करणारी गोष्ट दाखवली. कानावर ‘बा’ आणि पडद्यावर ‘गा’ म्हणणारे ओठ, असं एकत्र दिलं तर अनेकांना ‘दा’ ऐकू येतं, जे कुणी म्हटलेलंच नसतं! शब्दभ्रमकारांनी हा मेंदूचा भोळेपणा प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी हेरला होता. यशवंत केशव पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव शंभरी ओलांडून गेला. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तो पुढे चालवला आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातल्या तात्या विंचूची बाहुलीही घडवली. लाकडाचा जबडा वर-खाली झाला आणि पिढ्यान् पिढ्या प्रेक्षकांनी स्वतःच्या डोक्यात त्याला बोलतं केलं.

आपल्या संकासुराचा जबडा अडला की नेमकी ही जादू मोडते. आवाज पुन्हा स्पीकरमध्ये जाऊन बसतो आणि समोर उरतो रंगवलेला लगदा. चला तर, मोटारीकडे परतू.

ती अडल्यावर जास्त वीज का खाते? यामागे विजेच्या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट आहे. मायकेल फॅरेडेने १८२१ साली विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. दहा वर्षांनी, १८३१ साली, त्यानेच उलट बाजू दाखवली: चुंबक आणि तार एकमेकांसापेक्ष हलवा, वीज तयार होते. पहिल्या शोधातून मोटार आली, दुसऱ्यातून जनित्र. पण मग मोटारीतली तारही चुंबकाजवळ फिरतेच की! तीही वीज तयार करणार नाही का? करते. प्रत्येक फिरणारी मोटार त्याच वेळी जनित्रही असते, आणि तिची स्वतःची वीज बाहेरून येणाऱ्या विजेला विरोध करते. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात झेनोब ग्रामची दोन सारखी यंत्रं तारांनी जोडली होती. एक फिरवून वीज काढली, तर दुसरं त्या विजेवर फिरलं. जनित्र आणि मोटार एकच, हे जगाने डोळ्यांनी पाहिलं.

तुम्हाला हाताने बघायचंय? खेळण्यातल्या रोबोगाडीची पिवळी बीओ मोटार घ्या. तारा मोकळ्या ठेवून चाक हाताने फिरवा. आता दोन्ही तारांची उघडी टोकं एकमेकांना जोडा आणि पुन्हा फिरवा. चाक एकदम जड लागेल! मध्ये बॅटरी नाही, ब्रेक नाही. तुमच्याच हाताने तयार झालेली वीज तुमच्या हाताला अडवते आहे.

चालत्या मोटारीत हाच विरोध तिचा रक्षक असतो. ती जितकी जोरात फिरेल तितका उलटा दाब वाढतो आणि बाहेरची वीज तितकी कमी आत शिरते. आपली भूक ती स्वतःच आवरते. जबडा अडला की फिरणं शून्य, म्हणून विरोधही शून्य. मग वीज धो-धो आत येते आणि तिला अडवायला उरतो फक्त तांब्याच्या तारेचा किरकोळ रोध. एमजी९९६आर फिरताना अर्धा ते पाऊण-एक अँपिअर घेते. ६ व्होल्टवर अडकली की अडीच. गुणाकार करा: १५ वॅट. काम शून्य झालेलं, म्हणजे सगळे १५ वॅट उष्णतेत. बारीक कामाची १५ वॅटची सोल्डरिंग आयर्न धातू वितळवते. तेवढी आग आता ५५ ग्रॅमच्या बंद डबीत कोंडली आहे. म्हणून पहिला नियम: अडलेली मोटार चालू ठेवून विचार करत बसायचं नाही. आधी वीज तोडायची.

याच भुकेचा आणखी एक खोडसाळ परिणाम. अडलेल्या मोटारीने एवढी वीज ओढली की त्याच पुरवठ्यावरच्या बोर्डाचा दाब खाली बसतो. बोर्डाला भोवळ येते, तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून धावतो. मग संकासूर दर दोन सेकंदांनी एकच वाक्य सुरू करतो: ‘चाकर… चाकर… चाकर…’ पोरांना वाटतं प्रोग्राम बिघडला. ते रात्रभर कोडमधली चूक शोधतात, आणि चूक असते जबड्याच्या बिजागरीत! उपाय सोपा आहे. मोटारींना वेगळा पुरवठा द्यायचा, पण बोर्डाची आणि मोटारीची ऋण तार मात्र एकत्र जोडायची. का? ‘पाच व्होल्ट’ म्हणजे कशापासून पाच? दोघांचं शून्य एकच नसेल, तर हुकमाच्या ठोक्याला काही अर्थच उरत नाही.

आता वायरमनचं ‘आदी आयका’. क्षणभर वीज देऊन कान लावायचा. गुरगुर ऐकू येते? अभिनंदन! म्हणजे वीज पोचते आहे, हुकूम पोचतो आहे, मोटार जिवंत आहे, आणि काहीतरी तिला अडवतं आहे. एका आवाजाने निम्मे संशयित सुटले. कटकट ऐकू येते? एखाद्या चाकाचा दात गेला आणि दुसरं चाक त्या खिंडारावरून घसरतं आहे. नुसती थरथर? कंडक्टर गोंधळला आहे, म्हणजे पोटेन्शिओमीटरवर धूळ तरी बसली आहे किंवा पुरवठा तरी डळमळतो आहे. काहीच आवाज नाही? मग तार, जोड किंवा जळलेली मोटार.

दुसरं काम एका स्क्रूचं. सर्वोच्या आसावरचा आडवा हात स्क्रू काढून सोडवायचा. जबडा एकीकडे, मोटार एकीकडे. आता दोघांची वेगवेगळी साक्ष घ्या. जबडा बोटाने हलवा. मोकळा हलतो? मग तो निर्दोष. अडतो? मोटार निर्दोष. या पद्धतीची ताकद बघा. सोळा ठिकाणी बिघाड असू शकतो असं धरलं आणि दर तपासणीला निम्मे सुटले, तर सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. फक्त चार पायऱ्या! बत्तीस असते तरी पाचच. गोंधळ दुप्पट झाला की काम फक्त एका पायरीने वाढतं.

फक्त एका बाबतीत हात आवरायचा. सर्वोचा आस जोर लावून हाताने फिरवायचा नाही. चाकांची साखळी दोन्ही बाजूंनी चालते. तुम्ही आस जरासा ढकलता तेव्हा पलीकडच्या मोटारीला शेकडो पट वेगाने फिरवायला बघता. ती सहजी हलत नाही आणि मधले दात, विशेषतः प्लॅस्टिकचे, तुटू शकतात.

जबडाच अडत असेल तर कोकणात पहिला संशय हवेवर. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि चतुर्थी येते भर ओलाव्यात. जूनमध्ये सैल बसलेलं प्लायवूड भाद्रपदात फुगून बिजागरी आवळतं. कागदाचा लगदा पाणी पितो. रबराचे ओठ ताणून चिकटवले असतील, तर जबड्याला प्रत्येक अक्षरागणिक रबर ओढावं लागतं. दमट हवेत जोडांवर हिरवट गंज चढतो. तो दिसतो किरकोळ, पण हिशोब मोठा. जोडात अर्धा ओहम रोध वाढला आणि त्यातून अडीच अँपिअर गेले, तर सव्वा व्होल्ट त्या जोडातच संपले. ६ व्होल्टचे पावणेपाच झाले. आणि सर्वांत लबाड गुन्हेगार म्हणजे मानेजवळ सतत वाकणारी तार. तिच्यातलं तांबं वाकून-वाकून कडक होतं आणि तुटतं. वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत! डोळ्याला तार धडधाकट दिसते, आणि बोटाने हलवली की डोकं क्षणभर बोलून पुन्हा गप्प होतं.

पण समजा जबडा मोकळा, तार चांगली, मोटारही सुटी असताना मजेत फिरते. तरी जोडल्यावर अडतेच. आता? आता बहुधा गुन्हेगार कुठल्याही वस्तूत नाही, तो आकड्यात आहे. जबडा फार तर ४० अंश उघडतो आणि प्रोग्राम ७० मागतो. जबडा हनुवटीच्या कडेला टेकला, पण ‘कुठे जायचं’ आणि ‘कुठे आहोत’ यांत ३० अंशांचा फरक आहेच. मागे भिंत आली तरी कंडक्टर इमानाने ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतोय. मोटार प्रत्येक ‘आ’ला भिंतीवर धडका घेते, तापते, आणि एका रात्री अडते. सगळे भाग उत्तम, तरीही बिघाड! दुरुस्ती दोन आकड्यांची: किमान इतकं, कमाल इतकं.

इथेच या कंडक्टरची उणीव उघडी पडते. त्याला जागा कळते, जोर कळत नाही. भिंतीला टेकलो आहोत की नुसते वाटेत आहोत, यातला भेद त्याला सांगता येत नाही. तो भेद कुणाला कळतो? कुडाळजवळच्या पिंगुळीत जा. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची कला जपली आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात तिचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुलीची दोरी दोन्ही दिशांनी बोलते. बोटांचा हुकूम खाली जातो आणि त्याच दोरीतून बाहुलीचं वजन, झोका, अडखळणं वर येतं. जागा आणि जोर, दोन्ही बातम्या एकाच धाग्यात, एकाच क्षणी! काही आधुनिक आणि महाग सर्वो आपल्यावरचा भार मोजून सांगतात.

आपल्या संकासुराला मात्र तेवढ्या खर्चाची गरज नाही. अडलेली मोटार सर्वांत जास्त वीज खाते, याच दुर्गुणाला कामाला लावा. मोटारीच्या तारेत करंट मोजणारी एक छोटी चिप बसवा आणि प्रोग्रामला सांगा: करंट पाव सेकंद चढलेलाच राहिला, तर पाच अंश मागे ये आणि पुन्हा प्रयत्न कर. तीनदा तेच झालं, तर मोटार सोडून दे आणि दिवा लाव. मोटार सुरू होताना क्षणभर करंट उसळतोच, म्हणून तो पाव सेकंदाचा धीर. झालं! जी भूक डबी जाळणार होती, तीच आता अडथळ्याची बातमी आणते. दोरी ताणली गेल्याची जाणीव आता तांब्याच्या तारेलाही आहे.